आंबेतळ्याचा होकार

छायाताईंना मोरपंखी साडीवर ब्लाउजपीस हवा होता. दुबईच्या मीना बाजारातलं हे तिसरं दुकान. निळं मिळत होतं, हिरवं मिळत होतं, आणि दोहोंच्या मधलं जे हवं होतं ते दुकानदार नुसता तोंडानं देत होता. "भाभीजी, यही तो मोरपंखी है." छायाताई कापड घेऊन दाराशी उजेडात गेल्या आणि मीही त्यांची पिशवी धरून मागोमाग गेले, कारण त्या सूर्यकांत सरांच्या मिसेस आणि सर आमचे बॉस, माझ्या नवऱ्याचे, रणजितचे, आधीपासून, माझे गेल्या दीड वर्षापासून. कापड उन्हात धरून एक डोळा बारीक करत त्या म्हणाल्या, "उद्या तुझं प्रेझेंटेशन ना गं? तो खड्डा सांगणार आहेस की नाही?" मी विचारलं, कुठला खड्डा? "अगं, तुझा तो! रणजितनं आमच्या टेरेसवर सांगितला तेव्हा पोट धरधरून हसलो होतो आम्ही. बायकोनं खड्ड्यावर एम.फिल. केलंय म्हणाला. तेव्हाच तर तुझं ठरलं." काय ठरलं? "तुला घ्यायचं. हे डोक्याला हात लावून बसले होते. त्या गावानं म्हणे आधीच्या टीमला चहासुद्धा विचारला नव्हता. तर रणजित म्हणतो, सर, काय टेन्शन घेता, ते बायकोचं माहेर आहे, तिला नाही म्हणायची कुणाची टाप आहे! झालं, प्रॉब्लेम खलास. हा बघ, जातोय का साडीवर? पंचेचाळीस दिरहॅम मीटर, म्हणजे हजाराच्या वर गेलं की रे बाबा! भैया, इतने में तो इंडिया में साडी आती है." मी "जातोय" म्हटलं. तो रंग साडीवर जात होता की नाही ते मी पाहिलंच नव्हतं.

राग आला असं म्हणता येणार नाही. राग यायला आधी काय झालंय ते कळावं लागतं. मला फक्त हातातली पिशवी एकदम जड वाटायला लागली. छायाताई घासाघीस करत राहिल्या. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, त्यांना वाटत होतं की मला सगळं माहीतच आहे, नवराबायकोत असल्या गोष्टी बोलल्या जातातच. मग आम्ही जुन्या देवळाच्या गल्लीत जाऊन फुलं घेतली, चहा घेतला, त्या खाडीच्या बाजूला ड्रायव्हरकडे गेल्या आणि मी अल फाहिदी मेट्रो स्टेशनाचा जिना उतरले. त्यांनी सोडते म्हटलं होतं. मला डोकं दुखतंय असं मी सांगितलं, आणि सांगताच ते खरोखर दुखायला लागलं.

गाडीत बायकांच्या डब्यात जागा मिळाली. समोर एक फिलिपिनो मुलगी उभ्या उभ्या भुवया कोरत होती आणि मी तिच्या हाताकडे बघत त्या खड्ड्याचा विचार करत होते. आमचं आंबेतळे शहराला अगदी चिकटून आहे. शहराला नाव आहे, पण आमच्याकडे त्याला नुसतं शहर म्हणतात. शहराचा रस्ता महानगरपालिकेचा, काळाभोर. आमचा रस्ता जिल्हा परिषदेचा, राखाडी, विटलेला. जिथे काळं संपतं आणि राखाडी सुरू होतं तिथे एक खड्डा आहे. पालिका म्हणते तो आमच्या हद्दीत नाही, परिषद म्हणते आमच्या नाही. त्यात स्कूटर आपटतात, बैलगाडीचं चाक बसतं, एकदा त्यात बदकं पोहताना मी स्वतः पाहिली आहेत. शहराचं पाणी आमच्या तळ्यातून जातं, शहराचा कचरा आमच्या गायरानाच्या कडेला येऊन पडतो, शहराला लागणारं दूध आमच्या गोठ्यांतून जातं, आणि या दोन सरकारांचा एकमेकांशी नेमका संबंध काय असं कुणी विचारलं तर दोघं मिळून तो खड्डा दाखवतात. मी त्याच्यावरच प्रबंध लिहिला. नाव भारदस्त होतं, नागरी आणि ग्रामीण स्थानिक शासनांमधील संबंध वगैरे, पण अण्णा, म्हणजे माझे वडील, पारावर सगळ्यांना सांगायचे, आमच्या मीनानं खड्ड्यावर एम.फिल. केलं. त्यात चेष्टा होती आणि छाती फुगलेलीही होती. अण्णा तेव्हा सरपंच होते. शहराची हद्द वाढवून आजूबाजूची गावं पालिकेत ओढायची, याला आमच्याकडे हद्दवाढ म्हणतात; पहिल्यांदा हद्दवाढीचं निघालं तेव्हा अण्णांनी सगळं गाव गुराढोरांसकट कलेक्टर कचेरीवर नेलं होतं. माणसं घोषणा देऊन दमली, पण म्हशी काही कचेरीच्या बागेतून हलेनात. हद्दवाढ बारगळली ती म्हशींमुळे असं अजून सांगतात.

आणि रणजितला हा खड्डा मीच दाखवला. लग्न ठरल्यावर तो पहिल्यांदा आमच्याकडे आला, मी त्याला चुलतभावाच्या स्कूटरवर घेऊन निघाले, आणि सांगता सांगता त्यातच घातलं. त्याची नवी पँट गुडघ्यापर्यंत चिखलात. मला वाटलं आता मोडतंय लग्न. तो खड्ड्यातच उभा राहून म्हणाला, "आता मी कुठल्या सरकारच्या हद्दीत आहे?" आणि हसला. त्या हसण्यावर मी भाळले हे कबूल करते. नंतर कितीतरी वर्षं आमचं भांडण झालं आणि दोघंही तोंड फिरवून बसलो की कुणीतरी एकजण म्हणायचं, "हा खड्डा कुणाचा?" आणि भांडण मिटायचं. ते आमचं होतं. छायाताईंच्या टेरेसवर, बार्बेक्यूच्या धुरात, चार लोकांना हसवायला काढायचं नव्हतं ते. काम मिळवायला तर नाहीच नाही.

बुर्जुमानला गाडी बदलली. फलाटावर गर्दी होती, सरकत्या जिन्यावर माणसं उजवीकडे शिस्तीत उभी होती आणि मीही उभी राहिले. त्या मुलाखतीचा दिवस आठवला. सूर्यकांत सरांची काचेची केबिन, खाली शेख झायेद रोडवर गाड्या. चौदा वर्षं मी 'रणजितची मिसेस' आणि 'उर्वीची मॉम' होते. कॉलेजात लोकप्रशासन शिकवलं होतं हे मलाही खोटं वाटायला लागलं होतं. आणि सर म्हणाले, "मीनाक्षी, तुमच्या प्रबंधातला तो खड्डा मी विसरूच शकत नाही. व्हॉट ॲन इमेज! असा माणूस आम्हाला हवाय." माझा प्रबंध कुणी वाचला होता! मार्गदर्शकांनी चाळला होता, परीक्षकांनी चाळला नसावा, अण्णांनी फक्त ऋणनिर्देशाचं पान वाचलं होतं कारण त्यात त्यांचं नाव होतं. आणि इथे परक्या देशात एवढ्या मोठ्या माणसानं तो कुठून तरी मिळवून वाचला. केबिनमधून बाहेर पडल्यावर मी वॉशरूममध्ये जाऊन रडले, आनंदानं. आता गाडीत ते रडणं आठवून मला इतकी लाज वाटली की मी बाजूच्या बाईपासून तोंड फिरवलं, जणू तिनंच मला तेव्हा पाहिलं होतं.

काम असं होतं, की आमच्याच शहराच्या पालिकेला तज्ज्ञांकडून अभ्यास करून हवा होता: शहर आणि भोवतालचा जिल्हा, या दोन सरकारांचा संबंध कसा असावा, पाणी कुणी द्यावं, कचरा कुणी उचलावा, कुठली गावं शहरात यावीत. दुबईत बसून आंबेतळ्याचा विचार करायचा यात मला काही विचित्र वाटलं नाही. इथे बसून लोक आफ्रिकेतली बंदरं आखतात. त्या कामाची बिड, म्हणजे निविदा, रणजितनंच लावली होती, त्यामुळे माझ्या निवडीत आपलं नाव यायला नको म्हणून आपण मुद्दाम लांब राहिलो, असं तो म्हणाला होता. नोकरी मिळाल्याचं मी सांगितलं तेव्हा तो दारातच थबकला. डोळे मोठे केले. "खरंच? सूर्यकांतनं घेतलं तुला? मला पत्तासुद्धा लागू दिला नाही!" मग खाली जाऊन केक घेऊन आला, लाल रंगाचा, आणि उर्वीला म्हणाला, तुझी मॉम स्वतःच्या जोरावर मिळवून आली बघ. स्वतःच्या जोरावर! केक आणायचं एकवेळ समजू शकते. पण ते मोठे केलेले डोळे? ते त्यानं आधी आरशात करून बघितले असतील का? माणूस आपल्या बायकोसमोर इतक्या सहज चकित कसा होऊ शकतो?

गाडी जमिनीवरून वर आली आणि एकदम उजेड झाला. मी आंबेतळ्याला गेले तेव्हाचा उजेडही असाच होता, डोळ्यावर येणारा. चार गावं होती अभ्यासात. बाकीच्या तिन्ही गावांत इंडियातली माणसं गेली आणि 'बघू', 'विचार करू', 'आंबेतळे काय म्हणतंय ते आधी बघा' असं ऐकून परत आली. आंबेतळे मात्र माझ्यावर सोपवलं होतं. लोकल कनेक्ट म्हणून, असं सर म्हणाले होते. मी दारोदार फिरले. काय ते स्वागत! प्रत्येक घरात पाट, प्रत्येक घरात ओटी. तांदूळ, नारळ, खण. मी काकूला म्हटलं, अगं मी कामासाठी आलेय, ही ओटी कसली भरताय? ती म्हणाली, "लेकीला रिकाम्या हातानं पाठवत नसतात." मग मी प्रश्न विचारायचे. गाव शहरात आलं तर नळ येतील, ड्रेनेज येईल, पण ग्रामसभा जाईल, गायरान पालिकेचं होईल. चालेल का? माझे चुलते, बापूकाका, पायरीवर बसले होते. त्यांनी ऐकलं, सुपारी कातरली, आणि म्हणाले, "तू म्हणतेस तर हो." पुढच्या घरात विठाआत्या. "तू म्हणतेस तर हो बाई." सगळ्या गावात तेच. आणि प्रत्येक होकारानंतर हातावर काहीतरी ठेवायचे, लाडू, चिक्की, घरचं काहीही, आणि दाराबाहेर येऊन मी वळेपर्यंत उभे राहायचे. मला वाटलं, गाव बदललं. अण्णांच्या वेळचा हट्ट गेला. मला वाटलं, मी समजावून सांगितलं म्हणून गेला. अण्णांना जे म्हशींनी साधलं त्याच्या उलट मी शिक्षणानं साधलं, असंही वाटलं, आणि मनातल्या मनात त्यांची माफीही मागितली.

दुबईला परत आल्यावर मी टिपणं मोठ्यानं वाचत होते आणि रणजित सोफ्यावर पाय पसरून ऐकत होता. "ते 'तू म्हणतेस तर' काढ," तो म्हणाला. "क्लायंटला यस किंवा नो लागतं. हो म्हणजे हो." मी म्हटलं, पण ते तसं म्हणाले. "अरे, बोलण्याची पद्धत आहे ती. आमच्याकडे नाही का, आई प्रत्येक वाक्याला 'म्हणजे बघ' म्हणते. लिहितो का आपण?" ते पटलं मला. तो पुण्यात जन्मलेला, वाढलेला, त्याला काय कळतं असं तेव्हा मनात आलं नाही. आता आलं, आणि लगेच त्याच्या पुढचं आलं: त्याला कळत होतं. माझ्या आधी, माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. लेकीला माहेर नाही म्हणत नाही, हे मी आयुष्यभर अंगावर घेऊन फिरले आणि त्यानं ते बाहेरून पाहिलं, ओळखलं आणि कामाला लावलं. मी अभ्यास करायला गेले नव्हते. मला पाठवलं होतं. कुलूप उघडत नव्हतं, त्याला किल्ली सापडली, आणि किल्लीला वाटत होतं की आपण संशोधन करतोय.

मॉल ऑफ द एमिरेट्सला उतरून चालत घरी आले. सप्टेंबर असला तरी भट्टी होती, डोक्यात गजऱ्याची फुलं वाळून गेली. घरात एसीचा गार झोत आणि उर्वी कानात इयरफोन घालून जमिनीवर पसरलेली. "काय गं, जेवलीस?" "आय एट ॲट पर्णिकाज, मॉम." मग माझ्याकडे बघून तिनं एक कान मोकळा केला. "आर यू ओके?" मी हो म्हटलं. तिनं इयरफोन परत घातला. मी हो म्हटलं आणि तिनं ते खरं मानलं, किती सोपं असतं हे, असं मला वाटलं. दिवेलागणीची वेळ झाली होती. व्हॉट्सॲप कॉलला इथे बंदी आहे आणि बापूकाकांना दुसरं काही जमत नाही, म्हणून मी सरळ इंटरनॅशनल कॉल लावला.

"कोण, मीना?" काका ओरडून बोलतात, दुबई लांब आहे म्हणून. "बोल पोरी! बरी आहेस? जावईबापू बरे आहेत?" मी म्हटलं, काका, एक विचारायचं आहे. मी आले होते तेव्हा तुम्ही सगळे हो म्हणालात. खरंच तुम्हाला शहरात जायचंय का? पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो त्यांनी बंद करायला लावला. "आता हे काय काढलंस?" काका, सांगा ना. "अगं, तू दारात उभी. अण्णाची लेक. चौदा वर्षांनी कामधंद्याचं काहीतरी घेऊन आलेली. ओटी भरता भरता तुला नाही म्हणायचं? तोंड आहे का आम्हाला?" म्हणजे तुमचं 'नाही' आहे. "शहराला नाहीच आहे. ते काय आज आहे? पण तुला नाही कशाला म्हणू? तुझा नि शहराचा काय संबंध?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हटलं, काका, मी ते हो तसंच शहराला कळवलंय. उद्या तेच सांगायचं आहे. यावर काका थोडे हसले, चेष्टेनं नाही, मला सांभाळून घ्यायला हसतात तसे. "असेल काही तरी तुझ्या मनात. पोरं म्हणत होती मोर्चा काढू, मी म्हटलं गप बसा. मीना आत आहे. आपली लेक आत असताना गायरानाला हात लागेल का? अण्णा असता तर त्यानंसुद्धा तुला हो म्हटलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी म्हशी काढल्या असत्या." ते परत हसले. "तू आहेस म्हणून आम्ही म्हशी काढल्या नाहीत एवढंच. जेवलीस का गं?"

फोन ठेवल्यावर मी बाल्कनीत गेले आणि मला अगदी पोटातून रडू आलं. मीना आत आहे! माझ्या भरवशावर एक अख्खं गाव गप्प बसलं होतं, आणि मी कुणाच्या भरवशावर बसले होते? ज्या माणसाच्या हसण्यावर भाळून मी पंधरा वर्षं या वाळूत काढली त्याच्या. माझ्या हुशारीची त्याला गरज नव्हती. माझी ओटी भरली जाते, एवढीच माझी लायकी त्यानं सरांना सांगितली, आणि मला मात्र तू हुशार आहेस म्हणून केक भरवला. त्यानं मला सरळ सांगितलं असतं, मीनाक्षी, प्रोजेक्ट अडलंय, तुझं गाव आहे, जातेस का, तर मी गेले असते की भांडले असते मला माहीत नाही. पण निदान मला माहीत असतं की मी कोण म्हणून जातेय. आता मला उलट सगळं आठवायला लागलं. त्यानं कधी कधी माझं कौतुक केलं होतं ते. दिवाळीला सगळ्यांसमोर माझ्या फराळाचं. उर्वीच्या शाळेत माझ्या इंग्रजीचं. प्रत्येक कौतुक हातात घेऊन मी उलटंपालटं करून बघत होते, यातलं कुठलं आधी कुणाशी तरी ठरलेलं होतं? विश्वासघाताची हीच गंमत आहे, तो आजच्या दिवसापुरता राहत नाही. मागे जाऊन चांगलं असलेलंही नासवून येतो.

रणजित आठला आला. आनंदात होता. टाय सैल करत म्हणाला, "सर जाम खूश आहेत. आंबेतळे हललं की बाकीची तिन्ही आपोआप हलतात. उद्या हे नीट झालं ना, इन्शाल्ला, पार्टनरशिपचं पक्कं." मी आमटी वाढली. त्यानं बोटानं चव बघितली, नेहमीसारखी. मला वाटलं त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळं दिसेल, पण तोच चेहरा होता, दमलेला, घरी आल्यावर बरं वाटलेला, आणि मला त्या चेहऱ्याची माया आली हे सर्वांत वाईट होतं. "तुला आठवतं," मी म्हटलं, "मला नोकरी लागली तेव्हा तू केक आणला होतास?" "हो की. रेड वेल्वेट." "तुला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं?" तो जेवता जेवता थांबलासुद्धा नाही. "अर्थात! पडायचाच बाकी होतो मी. का गं?" "काही नाही. आज छायाताईंबरोबर गेले होते ना, त्यांनी विषय काढला." माझं बोलणं त्याला लागायला एक क्षण लागला. त्याचा हात भाताकडे गेला आणि भाताशीच राहिला. मी त्याच्याकडे बघत होते. आता त्यानं म्हणावं, हा खड्डा कुणाचा? तेवढं म्हटलं असतं तरी मी कदाचित सगळं बोलले असते, ओरडले असते, ताट भिरकावलं असतं, आणि भांडणातून काहीतरी वाचलं असतं. "छायाताई काय, काहीही बोलतात," तो म्हणाला आणि भात कालवायला लागला. "थोडं तूप दे."

मी तूप दिलं. आणि त्याच वेळी, अगदी शांतपणे, माझं ठरलं. उद्या स्क्रीनवर पलीकडून पालिकेची माणसं विचारतील तेव्हा मी सांगणार होते की आंबेतळ्यानं मला हो म्हटलं, शहराला नाही. माहेरवाशिणीला दिलेला होकार मोजायचा नसतो, तो मोजला ही अभ्यासाची चूक आहे, तेव्हा ते गाव नकारात धरा, आणि खात्री करायची असेल तर गावाशी काही नातं नसलेल्या माणसाला पाठवा. त्याला चहा मिळणार नाही, पण खरं मिळेल. एवढं बोलल्यावर माझी नोकरी राहणार नव्हती. रणजितची पार्टनरशिपही जाणार होती. या घरात मागे काय उरेल ते मला दिसत नव्हतं, आणि ते दिसत नाही म्हणून भीतीही वाटत होती. अण्णांची मुलगी असले तरी मी म्हशी काढणाऱ्यांतली नव्हे. मी वाद टाळणारी, तूप वाढणारी.

सकाळी तो लवकर तयार झाला. फिकट निळा शर्ट, मीच इस्त्री केलेला. मी ओट्याशी होते. काल रात्री झोप नाही म्हणून पहाटे उठून रव्याचे लाडू वळले होते, हातांना काहीतरी हवं होतं. "तू मागून मेट्रोनं ये," तो लॅपटॉपची बॅग खांद्याला लावत म्हणाला. "मी आधी जाऊन स्क्रीन, लिंक, सगळं बघतो. नव्वद टक्के सर बोलतील. तुझं काम एकच आहे. ते विचारतील, इज आंबेतळे विलिंग? तू तिथलीच आहेस, तुझ्या तोंडून आलं की खलास, कुणी प्रश्न विचारणार नाही."

"हं," मी म्हटलं.

"हं नाही. नीट सांग." तो दारापर्यंत जाऊन परत आला, आणि जवळ येऊन त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं. कालच्या छायाताईंच्या गोष्टीनंतर त्याला ती खात्री हवी होती, ते दिसत होतं. "यस म्हणशील ना, मीनू?"

त्याला एवढं विचारावं लागलं, हेही मला पुष्कळ वाटलं. सकाळची वेळ, माणूस दारात उभा, कामाला निघालेला, मोठ्या आशेनं आलेला. त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं?

"तू म्हणतोस तर हो," मी म्हटलं.

त्याचे खांदे एकदम खाली आले. "यल्ला, चल, मग भेटू तिथे," म्हणत त्यानं बूट चढवले. मी डब्यातून एक लाडू काढला आणि त्याच्या मागे दारापर्यंत गेले. त्याचा हात उघडला आणि त्यावर तो ठेवला.

"हे काय, सकाळी सकाळी?"

"असू दे," मी म्हटलं. "रिकाम्या हातानं पाठवत नसतात."

मी दारात उभी राहिले. लिफ्ट येईपर्यंत त्यानं तो खाऊनही टाकला.